मागच्या वर्क लाइटची वायरिंग: वीज जाते कशी आणि परत येते कशी

कच्च्या वाटांवर जाणाऱ्या गाडीला पुढे उजेड कमी पडत नाही. अंधार असतो तो मागे. रात्री चिखलात रुतलेली गाडी मागे घ्यायची असते, ट्रेलर जोडायचा असतो किंवा ओढण्याचा पट्टा अडकवण्यासाठी मागच्या हुकापाशी वाकून बसावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी गाडीचा मूळचा रिव्हर्स लाइट पुरत नाही. म्हणून अनेक जण मागे वेगळा वर्क लाइट, म्हणजे थांबून काम करताना आसपासचा परिसर उजळणारा रुंद झोताचा दिवा, बसवून घेतात. दिवा हातात येतो तेव्हा त्यातून दोनच वायरी बाहेर आलेल्या असतात, एक लाल आणि एक काळी, आणि त्यांच्याकडे पाहून काम अर्ध्या तासाचे वाटते. मग कोणीतरी रिले लावायला सांगतो, कोणी फ्यूज कुठे बसवायचा यावर वाद घालतो, रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे दिसतात, आणि ज्याला फक्त उजेड हवा होता तो माणूस गोंधळून जातो.

या गोंधळातून बाहेर पडण्यासाठी एकच गोष्ट मनात पक्की धरावी लागते. वीज बॅटरीतून निघून दिव्यापर्यंत जाते आणि तिथून पुन्हा बॅटरीत परत येते. ही फेरी पूर्ण झाली तरच दिवा पेटतो. रिले, फ्यूज, वायरीची जाडी आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूतून जाणारी परतीची वाट) हे सगळे या फेरीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे प्रश्न आहेत. बहुतेक जण जाणाऱ्या वाटेचा बारकाईने विचार करतात आणि परतीची वाट एका स्क्रूवर सोडून देतात. माझ्या पाहण्यातल्या बिघाडांपैकी बरेचसे त्या स्क्रूपाशीच सापडले आहेत.

आधी तीन शब्द

पाण्याची उंचावरची टाकी आणि तिच्यापासून निघालेला पाइप डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब जास्त. विजेच्या या दाबाला व्होल्ट म्हणतात. पाइपातून प्रत्यक्ष किती पाणी वाहते आहे, ते मापन म्हणजे अँपिअर. आणि त्या वाहत्या पाण्याने दर सेकंदाला किती काम होते, ते वॅट. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, आणि या लेखातले जवळपास सगळे हिशेब एवढ्यावरच चालतात.

गाडीतली बॅटरी १२ व्होल्टची म्हटली जात असली, तरी पूर्ण भरलेली आणि विश्रांत बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारे जनित्र, हा दाब सुमारे १४ व्होल्टपर्यंत नेतो. ढोबळ हिशेबाला १२ धरले तर ५५ वॅटच्या दोन हॅलोजन दिव्यांना मिळून सुमारे ९.२ अँपिअर प्रवाह लागतो, तर २० वॅटच्या दोन एलईडी दिव्यांना सुमारे ३.३ अँपिअर. एलईडी तितक्याच वॅटमध्ये हॅलोजनच्या कितीतरी पट उजेड देत असल्यामुळे ही दुसरी जोडी पहिलीपेक्षा मंद असेल असे मानण्याचे कारण नाही. आज नवीन दिवा घेणाऱ्याने एलईडीच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे उजेडाइतकेच वायरिंगचे कारण आहे: प्रवाह एक तृतीयांश झाला की वाटेवरची प्रत्येक अडचण तितकी हलकी होते.

वायर थेट डॅशबोर्डच्या स्विचमधून का नेऊ नये?

नेता येते आणि दिवा पेटतोही. प्रश्न आहे तो दिव्याचा सगळा प्रवाह त्या छोट्याशा स्विचमधून जाण्याचा. हॅलोजनची तार थंड असताना तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, तापलेल्या अवस्थेच्या सुमारे एक दशांश असतो, त्यामुळे स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी प्रवाह नेहमीच्या अनेक पट उसळतो. स्विचच्या आतले संपर्कबिंदू प्रत्येक वेळी थोडे थोडे भाजत जातात, त्यांवर काजळी धरते, आणि काही महिन्यांनी स्विच हाताला कोमट लागू लागतो. शिवाय जाड वायर बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आणि तिथून पुन्हा गाडीच्या शेवटापर्यंत न्यावी लागल्याने वाट विनाकारण लांबते.

रिले हा यावरचा उपाय आहे. रिले म्हणजे लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. मोठ्या धरणाचा दरवाजा माणूस हाताने ओढून उघडत नाही. तो नियंत्रण खोलीत एक कळ दाबतो आणि दरवाजा तिकडे उघडतो, त्यातलाच हा प्रकार. रिलेच्या डबीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर प्रवाह गेला की ते चुंबक बनते, आतली पट्टी ओढून घेते आणि टिक असा आवाज होऊन मोठ्या प्रवाहाची वाट जोडली जाते. डॅशबोर्डच्या स्विचला मग फक्त तेवढा इशाऱ्यापुरता प्रवाह सांभाळावा लागतो आणि त्याच्याकडे जाणारी वायर बारीक चालते.

पायांवरचे आकडे जर्मन मानकातून आले आहेत आणि जगभरच्या बहुतेक गाड्यांत ते तसेच वापरले जातात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर, ८७ वरून दिव्याकडे जाणारी जाड वायर, ८६ वर स्विचकडून येणारा इशारा आणि ८५ वर अर्थ. पाच पायांच्या रिलेत मधोमध ८७ए हा आणखी एक पाय असतो. रिले बंद असताना तो ३० शी जोडलेला असतो. दिव्याची वायर चुकून तिथे लागली तर दिवा कायम पेटलेला राहतो आणि स्विच दाबल्यावर विझतो, आणि तो पाय मोकळा ठेवला तरी त्यावर बॅटरीचा दाब असतोच. म्हणून या कामाला चार पायांचा रिले घेणे बरे, आणि पाच पायांचा असेल तर मोकळा पाय झाकून टाकावा.

तीन-चार अँपिअरच्या एका एलईडीला रिले खरोखर हवा का, असे कोणी विचारले, तर चांगल्या प्रतीच्या, तेवढ्या प्रवाहासाठी बनवलेल्या स्विचवर तो रिलेविनाही वर्षानुवर्षे चालतो. तरीही दिवा रिव्हर्स गिअरच्या इशाऱ्यावर पेटावा अशी इच्छा असेल, तर रिलेला पर्याय नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

फ्यूज कशाचे रक्षण करतो?

दिवा जळू नये म्हणून फ्यूज असतो, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. फ्यूज वायरीचे रक्षण करतो. बॅटरीपासून निघालेली वायर वाटेत कुठे सोलपटून गाडीच्या धातूला टेकली, तर दिव्याला बगल देऊन वीज सरळ परत फिरते, म्हणजे शॉर्ट सर्किट होते, आणि बॅटरी त्या वायरीतून शेकडो अँपिअर ढकलू शकते. काही सेकंदांत वायर लालबुंद होते, तिचे आवरण वितळते, आणि शेजारी इंधनाची नळी असेल तर पुढचे सांगण्याची गरज नाही. फ्यूज म्हणजे या वाटेत मुद्दाम ठेवलेला सर्वांत कमजोर दुवा, जो वायरीच्या आधी वितळावा म्हणूनच बसवलेला असतो.

हे एकदा पटले की फ्यूज कुठे बसवायचा हा वाद उरत नाही. तो बॅटरीच्या धन टोकाच्या जितका जवळ बसवता येईल तितका जवळ, वीतभर अंतराच्या आत बसवावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरीला कोणाचेच संरक्षण नसते. मागे दिव्याजवळ बसवलेला फ्यूज दिव्याच्या आत बिघाड झाला तरच उपयोगी पडतो. सगळ्या गाडीखालून गेलेली पाच-सहा मीटर वायर मात्र उघडीच राहते. रिले इंजिनच्या कप्प्यात ठेवावा की मागे दिव्यापाशी, याला सोयीनुसार दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. फ्यूजच्या जागेला मात्र एकच उत्तर आहे.

त्याचा आकडा ठरवताना दिव्याच्या प्रवाहाच्या सव्वा ते दीड पट धरावे आणि तो आकडा वायर सोसू शकते त्यापेक्षा खाली आहे याची खात्री करावी. ९.२ अँपिअरच्या हॅलोजन जोडीला १५ अँपिअरचा निळा फ्यूज योग्य ठरतो, आणि ३.३ अँपिअरच्या एलईडी जोडीला ५ अँपिअरचा फिकट तपकिरी पुरेसा होतो. फ्यूज आकडा ओलांडताच तत्काळ उडतो असेही नाही. पात्याच्या आकाराचा साधा फ्यूज दुप्पट प्रवाहाला काही सेकंदांत तुटतो, पण ३५ टक्के जास्त प्रवाह कधी कधी काही मिनिटेही सोसतो. म्हणूनच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून त्याजागी ३० चा हिरवा बसवणे हा धोक्याचा मार्ग आहे. अशाने बिघाड जागच्या जागी राहतो आणि कमजोर दुव्याचे काम फ्यूजकडून वायरीकडे जाते.

किती जाड वायर लागते?

लांब आणि अरुंद पाइपातून पाणी नेले की दुसऱ्या टोकाला धार बारीक होते. विजेचेही तसेच आहे. वायरीत थोडा दाब खर्ची पडतो आणि दिव्यापर्यंत कमी व्होल्ट पोहोचतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम (रोधाचे एकक) असतो, आणि जाडी, म्हणजे कापलेल्या टोकाचे क्षेत्रफळ, दुप्पट केली की तो निम्मा होतो. रोधाला प्रवाहाने गुणले की वाटेत गेलेला दाब मिळतो.

समजा वायर कोपऱ्याकोपऱ्याने वळत सहा मीटर जाते. हॅलोजनची जोडी ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर लावली, तर जाताना सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच संपतात. इंजिन चालू असतानाच्या साधारण १३.५ व्होल्टमधून १.३ म्हणजे दहा टक्केसुद्धा नाहीत, त्याने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. पण हॅलोजनचा उजेड दाबाच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो, आणि या उदाहरणात एकूण उजेडाचा पाव भागाहून अधिक हिस्सा जातो. तीच जोडी २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर लावली तर वाटेत सुमारे ०.४ व्होल्ट जातात आणि उजेडाची घट दहा टक्क्यांच्या आत राहते. म्हणजे जास्त वॅटचे बल्ब घालण्याआधी वायर बदलून पाहावी. कित्येकदा त्या जुन्याच बल्बांत पुरेसा उजेड दडलेला असतो.

चांगल्या एलईडी दिव्यांचे गणित थोडे वेगळे असते. त्यांच्या आत ड्रायव्हर नावाचे छोटे मंडल असते आणि ते दाब कमी-जास्त झाला तरी उजेड सारखा ठेवते. दाब कमी मिळाला तर प्रवाह थोडा जास्त ओढून घेते. त्यामुळे खराब वायरिंगवरही एलईडी नीट पेटलेला दिसतो आणि दोष लपून राहतो. ३.३ अँपिअरला सहा मीटरवर १.५ चौरस मिलिमीटरची वायर पाव व्होल्टहून कमी दाब खाते, आणि ती पुरेशी आहे. त्याहून बारीक वायर विजेच्या हिशेबात बसली, तरी खडबडीत वाटेवरच्या गाडीत मी ती घालणार नाही, कारण तिथे वायरीला प्रवाहाबरोबरच ओढाताण आणि घासणेही सहन करावे लागते.

काळी वायर बॉडीला टेकवली की झाले, असे नाही का?

बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या बॉडीला आणि चॅसीला जोडलेले असते, म्हणून सगळी गाडी ही परतीची सामायिक वाट बनते. तिलाच अर्थ म्हणतात. यामुळे अर्धी वायर वाचते हे खरे. पण गाडीचा धातू रंगाने, गंजविरोधी थराने आणि धुळीने झाकलेला असतो, आणि यातले काहीच वीज नीट वाहून नेत नाही.

एका गाडीतला प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. मी स्वतःच बसवलेला दिवा होता. काही पावसाळी फेऱ्यांनंतर तो मंद होऊ लागला, आणि पुढे असे दिसले की वर्क लाइटचा स्विच दाबला की मागचे लाल दिवेही पुसट पेटतात. फ्यूज पाहिला, रिले बदलला, दिवा उघडून पाहिला. सगळे ठीक होते. मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट आणि रोध मोजणाऱ्या उपकरणाने, दिव्याच्या काळ्या वायरीपासून बॅटरीपर्यंत वाट जोडलेली आहे का ते तपासले, तर त्याने जोडलेली आहे म्हणून शीळ घातली. शेवटी बंपरच्या कडेमागे बोट घालून अर्थचा स्क्रू सोडवला, तेव्हा वॉशरखाली पांढरट हिरवी पूड होती आणि वायरीच्या लगभोवती, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीभोवती, रंगाचा थर तसाच होता. मी तो कधी खरवडलाच नव्हता. स्क्रूच्या आट्यांपुरता धातू धातूला टेकत होता, तेवढ्यावर दिवा काही महिने चालला, आणि आट्या गंजल्यावर परतणारी वीज वाट शोधत शेजारच्या लाल दिव्यांमधून बॉडीकडे जाऊ लागली होती.

मल्टिमीटर खोटे बोलला नव्हता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. वाट जोडलेली आहे का हे तपासताना तो अगदी नगण्य प्रवाह पाठवतो, आणि तेवढ्याला वायरीतला एक उरलेला तंतूही पुरतो. रुंद रस्ता दरड कोसळून पायवाटेइतका उरला, तरी एक माणूस त्यावरून सुखाने जातो. वाहने जाऊ लागली की कोंडी होते. म्हणून तपासणी दिवा पेटलेला असताना करायची. मीटर व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक दिव्याच्या काळ्या वायरीला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले की परतीच्या वाटेत किती दाब वाया जातो ते थेट दिसते. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ चांगला; तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर सांधा उघडून पाहावा. जाणारी वाटही तशीच, बॅटरीचे धन टोक आणि दिव्याची लाल वायर यांच्यामध्ये मीटर धरून तपासता येते.

चांगल्या अर्थसाठी जागा चॅसीची किंवा जाड पत्र्याची निवडावी, रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून लग नट-बोल्टने आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली किंवा रंगाचा हात द्यावा, म्हणजे ओल आत शिरणार नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर, बिजागरीवर हलणाऱ्या मागच्या दारावर किंवा छतावरच्या रॅकवर दिवा बसवला असेल, तर त्या भागाच्या धातूवर विसंबून राहू नये. काळी वायरही लालइतक्याच जाडीची घेऊन चॅसीपर्यंत आणावी. नव्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक बसवलेला असतो. अशा गाडीत अर्थ थेट त्या टोकाला जोडला, तर दिव्याचा खर्च संवेदकाच्या नजरेतून सुटतो आणि बॅटरी किती भरलेली आहे याचा गाडीचा हिशेब चुकतो. तिथे चॅसीच योग्य.

रिव्हर्स लाइटच्या वायरीलाच जोडून टाकले तर?

मनात येणारी ही सर्वांत सोपी कल्पना आहे: मूळच्या रिव्हर्स लाइटची वायर तिथेच मागे आहे, तिला वर्क लाइट जोडला की गिअर टाकताच उजेड. अडचण अशी की ती वायर आणि तिचा फ्यूज कारखान्यात २१ वॅटच्या एक-दोन बल्बांसाठी ठरवलेला असतो, आणि कित्येक गाड्यांत तो फ्यूज इतर उपकरणांशीही वाटून घेतलेला असतो. तिच्यावर शंभर वॅट लादले तर फ्यूज उडतो, किंवा गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच हळूहळू भाजून निकामी होतो. रिले इथे अपरिहार्य ठरतो तो यासाठीच: रिव्हर्सच्या वायरीकडून फक्त इशारा घ्यायचा आणि दिव्याची वीज बॅटरीकडून स्वतंत्र आणायची.

पण थांबून काम करताना गिअर न टाकताही दिवा हवा असतो. तेव्हा स्विचची वायर आणि रिव्हर्सची वायर दोन्ही रिलेच्या ८६ वर एकत्र जोडण्याचा मोह होतो, आणि इथे नवशिके हमखास चुकतात. हाताने स्विच दाबला की ती वीज ८६ वरून उलटी रिव्हर्सच्या वायरीत शिरते आणि गाडी पुढे जात असतानाही मूळचे रिव्हर्स लाइट पेटतात. बारीक इशाऱ्याच्या वायरीवर त्यांचा भार येतो तो वेगळाच. दोन नळ एका पाइपाला जोडले आणि एकच उघडला, तर पाणी दुसऱ्या नळाच्या बाजूलाही चढते, तसेच हे.

उपाय म्हणजे तीन स्थितींचा स्विच, ज्यात मधली स्थिती बंद असते. त्याचा सामायिक पाय रिलेच्या ८६ ला जोडावा, एका बाजूच्या पायावर सुमारे ३ अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजमधून वीज आणावी आणि दुसऱ्या बाजूच्या पायावर रिव्हर्स लाइटचा इशारा. वर केला की दिवा कायम चालू, मध्ये ठेवला की पूर्ण बंद, खाली केला की गिअरबरोबर. दोन वाटा स्विचच्या आत कधीच एकमेकींना भेटत नाहीत, म्हणून उलटा प्रवाह संभवत नाही. मधली बंद स्थिती महत्त्वाची आहे, कारण वस्तीतून गाडी मागे घेताना हा झोत कोणाच्याही डोळ्यांत जाऊ नये.

नव्या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक्स यामुळे बिघडते का?

ही भीती निराधार नाही. रिलेच्या वेटोळ्यातला प्रवाह तुटतो त्या क्षणी, कोसळणाऱ्या चुंबकत्वामुळे उलट्या दिशेने शंभरहून अधिक व्होल्टचा झटका तयार होऊ शकतो. जुन्या गाडीत तो स्विचच्या ठिणगीत विरून जाई. नव्या गाडीत तो त्याच वायरीने बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे दिवे आणि दारे सांभाळणाऱ्या गाडीतल्या संगणकाकडे, जाऊ शकतो. म्हणून वेटोळ्यावर आतच डायोड किंवा रोधक बसवलेला रिले घ्यावा. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे अशा रिलेत ८६ ला धन आणि ८५ ला अर्थ हा क्रम पाळावाच लागतो. उलट जोडले तर डायोड जळतो किंवा इशाऱ्याचा फ्यूज उडतो.

काही गाड्यांत हा संगणक बल्ब शाबूत आहे का हे पाहण्यासाठी रिव्हर्सच्या वायरीत अधूनमधून क्षणभराचे स्पंद सोडतो, किंवा दिव्याला वीज वेगाने चालू-बंद करत पुरवतो. मग रिले गुणगुणतो किंवा उगाचच टिकटिकतो. असे झाले तर त्या वायरीचा नाद सोडावा आणि गाडीच्या निर्मात्याने जोडउपकरणांसाठी ठेवलेली जागा किंवा ट्रेलरच्या सॉकेटमधला रिव्हर्सचा पाय वापरावा. आणखी एक लहान पण त्रासदायक गोष्ट: स्वस्त एलईडी दिव्याचा ड्रायव्हर रेडिओलहरी सोडतो. दिवा लावताच रेडिओवर किंवा संपर्कासाठी ठेवलेल्या वायरलेस संचावर खरखर येऊ लागली, तर दोष वायरिंगमध्ये शोधत बसू नये; दिवा बदलणे हाच खरा उपाय आहे.

पाणी, धूळ आणि हादरे

चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिकडेच ओढली जाते. म्हणून मागच्या दिव्याला पुढच्यापेक्षा जास्त सोसावे लागते. दिव्यावर आयपी६७ असे लिहिलेले असेल, तर त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. आयपी६९के ही कसोटी गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची आहे. दिवा सहसा टिकतो. पाणी शिरते ते त्याच्या वायरीच्या सांध्यात.

वायरी एकमेकींभोवती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा गाडीच्या खाली टिकत नाही. सोल्डर केलेला सांधा घट्ट वाटतो, पण वितळलेले सोल्डर तंतूंमध्ये पुढे शिरून वायरीचा तेवढा भाग ताठ करते, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथेच हादऱ्यांनी तंतू एक एक तुटत जातात. योग्य मापाचा लग, त्यासाठीच बनवलेल्या पकडीने दाबलेला, आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी हा सांधा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मूळच्या वायरीला न कापता टोचून जोडणाऱ्या चिमट्यांपासून दूर राहावे. ते आवरण फोडतात आणि तिथूनच ओल तांब्यात चढत जाते.

वायर नेताना सायलेन्सरची नळी, फिरणारा प्रोपेलर शाफ्ट आणि वर-खाली होणारे सस्पेन्शन यांपासून अंतर ठेवावे, पत्र्यातल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घालावा, आणि संपूर्ण वायर लवचीक नळीत घालून जागोजागी बांधावी. उघडझाप होणाऱ्या दारात ती बिजागरीच्या बाजूने, थोडी सैल सोडून न्यावी. दिव्यात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी थेंब बनून गळेल आणि दिव्यापर्यंत पोहोचणार नाही.

रस्त्यावर तो लावता येतो का?

नाही, आणि याबाबत पळवाट शोधू नये. रस्ते वाहतुकीवरचा १९६८ चा व्हिएन्ना करार आणि बहुतेक देशांचे नियम गाडीच्या मागे पांढरा झोत टाकण्याची मुभा रिव्हर्स लाइटपलीकडे सहसा देत नाहीत. त्यामागचे कारण साधे आहे: अंधारात समोर लाल दिवा दिसला की गाडी आपल्याच दिशेने पुढे चालली आहे असे चालक समजतो, आणि पांढरा दिसला की ती आपल्याकडे येते आहे असे समजतो. त्या समजावर माणसे क्षणात निर्णय घेतात. म्हणूनच स्विचमध्ये लाल खुणेचा दिवा असावा, जो वर्क लाइट चालू असताना चालकाच्या नजरेसमोर राहील. दिवा बसवण्याआधी आपल्या भागातला नियम वाचावा, कारण दिवा झाकून ठेवावा लागतो का आणि किती दिवे चालतात हे जागोजागी वेगळे आहे.

बॅटरी उतरेल का, हाही प्रश्न याच स्विचशी जोडलेला आहे. ६० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीतला निम्मा साठा सुरक्षितपणे वापरता येतो असे धरले, तर इंजिन बंद ठेवून हॅलोजनची जोडी सुमारे तीन तास चालेल आणि एलईडीची जोडी सुमारे नऊ तास. बॅटरी जुनी किंवा हवा थंड असेल तर यातून बरेच वजा करावे. इशाऱ्याची वीज इग्निशनच्या किल्लीमागून घेतली तर विसरलेला दिवा किल्लीबरोबर विझतो. थेट बॅटरीकडून घेतली तर किल्लीविना काम करता येते. निर्जन जागी एकट्याने फिरणाऱ्याने पहिला पर्याय घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

शेवटची तपासणी

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे आणि संपल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे, कारण धन टोक सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी मग शॉर्ट होत नाही. सगळे जोडून झाले की इंजिन चालू ठेवून दिवा अर्धा तास पेटता ठेवावा आणि मग फ्यूजच्या धारकापासून सुरुवात करून रिले, प्रत्येक लग आणि अर्थचा बोल्ट यांवर एकेक करून बोट ठेवावे. इंजिनजवळचे भाग त्याच्या उष्णतेने कोमट असणारच; पण शेजारच्या धातूपेक्षा जो सांधा जास्त गरम लागेल तो सैल आहे, तो उघडून पुन्हा दाबावा. पहिल्या खडबडीत फेरीवरून आल्यावर अर्थचा बोल्ट आणि दिव्याचे नट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवीन वॉशर पहिल्या हादऱ्यांत थोडे बसतात आणि बोल्ट तेवढाच ढिला पडतो.